गोठ्यातले अवकाशयान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळातल्या एका सभासद बाईने आपल्या घरच्या एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपली प्रथा आहे. आजवर या जागेवरून लोणची-मुरंब्यांवर, मुलांच्या आजारांवर, भिशीच्या हिशेबावर चांगली चांगली भाषणे झाली. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषयही त्यांनीच दिला. म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या गोठ्यात काय चालले आहे, ते एकदा सगळ्यांना सांगून टाका. म्हणजे मागून कुजबुज नको.” मी सातवी शिकलेली बाई. सभेत बोलायची सवय नाही. तेव्हा स्वयंपाकघरात बोलते तशीच बोलेन, ते गोड मानून घ्यावे.

आमच्या गोठ्यात माझी मोठी मुलगी एका सिनेमातल्या अवकाशयानाची कॉकपिट बांधते आहे. कॉकपिट म्हणजे वैमानिक बसतो ती पुढची खोली. खेळण्याएवढी नव्हे, चार माणसे आत बसतील एवढी, सिनेमात आहे त्या मापाची. मुलगी बावीस वर्षांची आहे, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका झाली आहे आणि एका दुकानात दुरुस्तीचे काम करते. तिला तिच्या धाकट्या काकांची, म्हणजे आमच्या भाऊजींची मदत आहे, आणि कापणी-बेतणीला मी आहे. 2023 च्या दिवाळीनंतर काम सुरू झाले, ते अजून चालू आहे.

आता तो सिनेमा कोणता, ते सांगते. ‘स्टार वॉर्स’ नावाचा अमेरिकन चित्रपट 1977 च्या मे महिन्यात तिकडे लागला. दिग्दर्शक जॉर्ज लुकास. त्यात ‘मिलेनियम फाल्कन’ नावाचे एक यान आहे. फाल्कन म्हणजे ससाणा. नाव मोठे, पण यान जुनाट, डागडुजी केलेले, ऐन वेळी बिघडणारे. 1980 साली आलेल्या पुढच्या भागात त्याचे दिवे एकाएकी जातात आणि त्याचा मालक भिंतीवर मूठ मारतो, तेव्हा ते पुन्हा लागतात. आमच्या सासूबाईंना तो सिनेमा दाखवला, तेव्हा त्यांना गोष्ट काही कळली नाही, पण एवढी जागा बरोबर कळली. म्हणाल्या, “आपला मिक्सर असाच आहे.”

या यानाचे वेड साऱ्या जगात आहे. अमेरिकेत हौशी माणसांनी घरच्या आवारात त्याची कॉकपिट बांधली आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 31 मे 2019 पासून अख्खे यान उभे आहे आणि आत सहा-सहा माणसांना बसवून ते चालवल्याचा भास देतात. तिथे जाण्याची आमची ऐपत नाही. मुलगी म्हणाली, “आई, जाता येत नाही तर आपण बांधू.” मला त्या वाक्यात गैर काही दिसले नाही. आपण दिवाळीत मुलांना रायगड दाखवायला नेऊ शकत नाही, तेव्हा अंगणात मातीचा किल्ला करतोच की.

सिनेमावाल्यांनी हे यान कसे केले, ते मुलीने मला वाचून दाखवले, तेव्हा माझी भीती बरीच गेली. चित्रीकरण 1976 साली इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाले. जॉन बॅरी हे मुख्य सजावटकार आणि त्यांच्या हाताखाली रॉजर ख्रिश्चन. पैसा बेताचा होता. तेव्हा या ख्रिश्चन यांनी विमानांचे भंगार स्वस्तात विकत घेतले, जेट इंजिने खोलून त्यांचे तुकडे केले आणि ते भिंतींवर जडवले. पडद्यावर आपल्याला वाटते काय भारी यंत्र आहे! ते निम्मे भंगारबाजारातले. काचांची चौकट अमेरिकेच्या बी-29 या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाच्या नाकाडावरून सुचलेली. त्या सजावटीला 1978 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

आपल्या कोल्हापुराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास इथेच, आपल्या माणसांच्या हातून, सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता. आणि त्याच्याही आधी, 1913 साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा स्टुडिओ म्हणजे त्यांचे घरच होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि वर फिल्मच्या पट्टीला कडेची भोके पाडण्याचे कामही करीत. तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडे नेसले. पण पडद्यामागे बाई होतीच. ‘स्टार वॉर्स’चेही तसेच आहे. त्याची जोडणी-कापणी ज्या तिघांनी केली, त्यांत मार्शा लुकास ही बाई होती आणि तिलाही ऑस्कर मिळाले.

असो. आता आमच्या घरचे. मामंजी गेल्यावर 2020 साली आम्ही दोन्ही म्हशी विकल्या. गोठा रिकामा पडला. चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद, वर पत्रा. मुलीने तो मागितला, तेव्हा घरात बसून बोलणे झाले. हे उद्यमनगरात एका कारखान्यात टर्नर आहेत. ते फार बोलत नाहीत. मला म्हणाले, “तू काय ते ठरव, घर तुला चालवायचे आहे.” मी चार अटी घातल्या. पहिली, किराण्याच्या आणि फीच्या पैशाला हात लागणार नाही. खर्च मुलीने आपल्या पगारातून करायचा आणि वही ठेवायची. दुसरी, घरच्या 230 व्होल्टच्या विजेशी कुणी खेळायचे नाही. ते काम परवानाधारक वायरमनने करायचे आणि आतले सगळे बारा व्होल्टवर चालले पाहिजे. तिसरी, रंग देताना दार उघडे, तोंडाला मास्क आणि जवळ वाळूची बादली. चौथी, कोणताही भाग गोठ्याच्या दारातून बाहेर निघेल असाच करायचा. दार तीन फुटी आहे. एक लाकडी वस्तू घरात बांधली आणि बाहेर निघेना म्हणून शेवटी करवतीने कापली, असे माझ्या माहेरी झालेले मी पाहिले होते. मुलीने चारही अटी मान्य केल्या. त्यामुळे आज सगळी चौकट नट-बोल्टवर आहे, एक खिळा ठोकलेला नाही. अकरा भाग आहेत, प्रत्येक भाग दोन माणसांनी उचलता येतो.

पहिली अडचण मापांची. मूळ कॉकपिट तिकडे इंग्लंडात बांधलेली, आपल्याकडे फक्त सिनेमा आणि फोटो. फोटोला का कुठे फूटपट्टी लावलेली असते? इथे माझी सातवी उपयोगी पडली. आम्हाला गुरुजींनी त्रैराशिक घोकून घेतले होते. फोटोत नटाचा हात दांड्यावर आहे. मोठ्या माणसाचा पंजा मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत साडेसात इंच धरला. छापलेल्या फोटोत तोच पंजा दीड सेंटिमीटर भरला. म्हणजे फोटोतला एक सेंटिमीटर बरोबर प्रत्यक्षातले पाच इंच. मग शेजारचा दांडा फोटोत दोन सेंटिमीटर, तर खरा दहा इंच. झाले! पण यात एक खुबी आहे. जी वस्तू पंजाइतक्याच अंतरावर आहे, तिलाच हे प्रमाण लागू. मागची वस्तू लहान दिसते, पुढची मोठी. फोटोत मागे उभी राहिलेली धिप्पाड जाऊबाईसुद्धा पुढच्या नणंदेहून बारीक दिसते, हे आपण जाणतोच. म्हणून आम्ही एकाच जागेचे चार-पाच फोटो घेऊन माप ताडून पाहिले आणि तीन वेळा एकच उत्तर आले, तरच वहीत लिहिले. खुर्च्यांना तर वेगळीच कसोटी होती. त्या यानात एक केसाळ सोबती आहे. ते काम करणारे पीटर मेह्यू हे गृहस्थ सात फूट तीन इंच उंच होते. ते ज्या खुर्चीत बसले, ती खुर्ची लहान कशी असेल?

दुसरी अडचण पुढच्या निमुळत्या भागाची. मागे घेर मोठा, पुढे लहान. मुलीने आणि भाऊजींनी पुठ्ठ्याचे सरळ तुकडे कापून जोडून पाहिले, तर ते उंबरठ्यावर ठेवलेल्या सुपासारखे वाकडे बसले. मी पाहिले आणि म्हटले, “अगं, हा तर घेराचा परकर आहे!” चिरमुऱ्यांची पुडी उलगडली की कागद पंख्यासारखा होतो. टोक कापलेली पुडी उलगडली की मधे अर्धगोल खाच असलेला पंखा होतो. तसाच हा आकार बेतायचा. समजायला सोपे आकडे सांगते. मागचा व्यास 84 इंच, पुढचा 42 इंच आणि उताराची लांबी 30 इंच असेल, तर पुढे टोकापर्यंत पूर्ण पुडी 60 इंचांची होते. म्हणून जमिनीवर खिळा ठोकून 60 इंच दोरीने एक कंस काढायचा आणि 30 इंच दोरीने दुसरा. पंख्याचा कोन 252 अंश येतो. त्याच्या बारा कळ्या केल्या की प्रत्येकी 21 अंश. मी वीस वर्षे परकर बेतते आहे, पण कोन अंशात मोजतात हे मुलीने मला शिकवले आणि कळी कशी पाडायची हे मी तिला शिकवले. तिने शिवणाची जागा मोजली नव्हती, तिथे मी प्लायवूडच्या जाडीएवढी सूट सोडायला लावली. त्या दिवशी जोडलेला सांगाडा पहिल्या फटक्यात बसला. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या आणि यांनी न बोलता सगळ्यांना चहा करून आणला. आमच्याकडे ही गोष्ट क्वचित घडते, म्हणून सांगितली.

भिंतींवरच्या यंत्रांसाठी आम्ही विमान कुठून आणणार? आम्ही आपले भंगारबाजार धुंडाळले. बंद पडलेल्या रेडिओची बटणे, रॉकेलच्या स्टोव्हचा बर्नर, शिलाई मशीनची चाके, पुरणयंत्राची जाळी. सोऱ्याच्या चकत्या तर इतक्या शोभतात, की चकली कधी केलीच नसेल अशा माणसाला त्या ओळखू यायच्या नाहीत. सिनेमावाल्यांनीसुद्धा लहान यानांच्या प्रतिकृतींवर बाजारातल्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या खेळण्यांचे सुटे भाग चिकटवले होते. दिव्यांचे गणित मुलीचे. बारा व्होल्ट आहेत. तांबडा छोटा दिवा सुमारे दोन व्होल्ट घेतो, तीन ओळीने जोडले की सहा. उरलेले सहा अडवायला रेझिस्टर लागतो. वीस मिलिअँपिअरला हिशेबाने तीनशे ओम येतो, बाजारात तीनशे तीस मिळतो, तो बसवायचा. असे आतापर्यंत 214 दिवे झाले आहेत.

मग रंग. हे यान कोरे करकरीत दिसता कामा नये. दिग्दर्शकाला ते वापरून जुने झालेले हवे होते आणि त्या सिनेमाचा मोठेपणा लोक त्यातच मानतात. तेव्हा मुलगी आधी छान करडा रंग देते आणि वाळल्यावर वर पातळ काळा रंग लावून फडक्याने पुसते, म्हणजे खाचांत काजळी धरल्यासारखी दिसते. सासूबाईंनी जन्मभर चिंच लावून पितळ घासले. नात मुद्दाम घाण करते आहे, हे त्यांना पाहवेना. दोन दिवस त्या गोठ्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, “काजळी खालून वर जाते गं, तू वरून खाली ओघळ काढले आहेस.” मुलीने तो फळा पुसून पुन्हा केला. तेव्हापासून काजळी खाते सासूबाईंकडे आहे.

आता ज्या गोष्टीची कुजबुज आहे, तिच्याकडे येते. गेल्या वर्षी मुलीला पाहायला पाहुणे आले होते. स्थळ चांगले, माणसे सभ्य. कांदेपोहे झाले, आणि कुणीतरी सांगितले असावे, त्यांनी गोठा दाखवा म्हटले. मुलीने दाखवला, दिवे लावले. मुलाकडच्या बाई म्हणाल्या, “हौस म्हणून ठीक आहे, पण हे आता मोडून टाका. सासरी हे चालायचे नाही. लोक विचारतील त्यांना काय सांगायचे?” मुलगी गप्प राहिली. हे माझ्याकडे पाहू लागले. मी विचारले, “तुमचा मुलगा दर रविवारी क्रिकेट खेळतो, असे आपणच आत्ता कौतुकाने सांगितलेत. लग्नानंतर तो बॅट मोडणार आहे का?” त्या म्हणाल्या, “मुलाची गोष्ट वेगळी.” मी म्हटले, “आमच्या घरी वेगळी नाही.” चहा झाला, पाहुणे गेले, त्यांचा निरोप आला नाही.

यावर आपल्यातल्या काही जणी म्हणाल्या, की मी हातचे स्थळ घालवले. काही म्हणाल्या, गोठा भाड्याने दिला असता, तर महिना अडीच हजार तरी आले असते. दोन्ही बोलणी मायेपोटी आहेत, म्हणून त्यांचे उत्तर देणे मला भाग आहे. भाड्याचे म्हणणे खरे आहे. मी तो हिशेबही केला आहे. वहीप्रमाणे मुलीचा खर्च आजपर्यंत 38,640 रुपये झाला आणि न आलेले भाडे त्याहून जास्त भरते. रक्कम लहान नाही. पण मला कुणी सांगा, आपण गणपतीची आरास करतो, ती दहा दिवसांनी उतरवतो. चैत्रात हळदीकुंकवाला गौरीपुढे पायऱ्या रचतो, फळांची मोरपिसे काढतो. दिवाळीला पहाटे उठून दारात ठिपक्यांची रांगोळी काढतो आणि दुपारी ती पायाखाली जाते. त्याचा उपयोग काय, असे कुणी विचारत नाही. कारण ती हौस घराच्या नावाने केलेली असते. बाईने स्वतःच्या नावाने एखादी हौस केली, की मात्र उपयोग विचारतात.

मी सातवीतून निघाले, ते नापास झाले म्हणून नव्हे. पुढची शाळा शेजारच्या गावात होती आणि वाटेत ओढा होता. पावसाळ्यात मुले पोहून जात, मुलींना पाठवीत नसत. मला भूमिती फार आवडे. आमच्या वडिलांनी आणलेली कंपासपेटी भावाकडे गेली. त्याबद्दल कुणावर माझा राग नाही, त्या वेळची रीतच ती होती. पण आता माझ्या घरात दोरीने साठ इंचांचा कंस काढायची वेळ आली आणि ती दोरी धरायला मुलीने मलाच बोलावले, तेव्हा ते काम मोडून टाका म्हणणाऱ्या माणसाला हो म्हणणे माझ्याच्याने झाले नसते.

आणि हौसेतून काहीच निघत नाही, असेही नाही. त्या सिनेमात ‘आर-टू-डी-टू’ नावाचा एक बुटका यंत्रमानव आहे. इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी घरोघरी तो बनवण्याचा छंद घेतला होता. 2015 साली आलेल्या नव्या भागासाठी कंपनीने त्याच हौशी मंडळींतल्या दोघांना बोलावून यंत्रमानव करून घेतले. आमच्या मुलीला कुणी बोलावील असे मी म्हणत नाही आणि तिने तशी आशा धरून हे काम करावे, असेही मला वाटत नाही. एवढे मात्र पाहते आहे, की वहीत पैशाचा मेळ लागल्याशिवाय ती झोपत नाही, आणि धाकटा मुलगा ताईच्या हाताखाली काम मिळावे म्हणून न सांगता भांडी घासतो.

मुलीच्या लग्नाचे काय, हे तुम्ही विचारणारच. तिचे लग्न होईल. तिला मनाजोगे घर मिळेल तेव्हा होईल. चौथ्या अटीमुळे यान अकरा भागांत सुटते. न्यायचे असेल तर एका टेंपोत मावेल, ठेवायचे असेल तर गोठा आहेच. काय करायचे ते तिचे ती ठरवील.

सध्या डोक्यावरच्या फळीचे काम राहिले आहे. तिच्यावर आणखी साठ बटणे बसायची आहेत. कुणाच्या घरी जुना रेडिओ, बिघडलेला टेपरेकॉर्डर, न वापरातला सोऱ्या माळ्यावर पडला असेल, तर टाकून देऊ नका, आमच्याकडे पाठवा. येत्या रविवारी दुपारी चार वाजता गोठा सर्वांसाठी उघडा ठेवला आहे. मुलाबाळांना घेऊन या, मुलींना जरूर आणा. चपला बाहेर काढाव्या लागतील आणि ओल्या रंगाला हात लावू नये, एवढीच विनंती. चहा मी करीन. काजळीविषयी काही विचारायचे असेल, तर सासूबाईंना विचारावे.